बूनच्या डोंगरातून आलेला संघ : १ सप्टेंबर २००७ च्या निकालाची पार्श्वभूमी

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा (आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन फुटबॉलचा) हंगाम तोंडावर आला की एका सामन्याचा विषय हटकून निघतो. १ सप्टेंबर २००७, शनिवार, मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर. देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगन विद्यापीठाला नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातल्या बून गावच्या ॲपलाचियन स्टेट विद्यापीठाने त्यांच्याच मैदानावर, १,०९,२१८ प्रेक्षकांसमोर ३४-३२ असं हरवलं. ॲपलाचियनचे चाहते भेटले की ‘तू त्या दिवशी कुठे होतास?’ हा प्रश्न येतोच. मिशिगनचे चाहते त्या दिवसाचा उल्लेख ‘द हॉरर’ एवढ्या दोनच शब्दांत करतात. डेट्रॉईटच्या आसपास वाहन उद्योगात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतली बरीच मुलं ॲन आर्बरला शिकली आहेत. मिशिगनची निळी-पिवळी जर्सी घालणाऱ्या त्या घरांनाही हा सल नवा नाही.

आपल्याकडच्या वाचकाला अंदाज यावा म्हणून २०१४ च्या डिसेंबरमधला रणजी सामना आठवावा. चाळीस वेळा रणजी करंडक जिंकलेल्या मुंबईला जम्मू-काश्मीरने वानखेडेवर हरवलं होतं. ॲन आर्बरचा धक्का त्याहून मोठा होता, कारण हे दोन संघ एका पायरीवर खेळणारेही नव्हते.

ही पायरी पडली १९७८ मध्ये. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेने त्या वर्षी फुटबॉलपुरता पहिला विभाग दोन भागांत तोडला. मोठी स्टेडियम आणि मोठा प्रेक्षकवर्ग असलेली विद्यापीठं वरच्या गटात गेली, बाकीची खालच्या. ॲपलाचियन पुढे या खालच्या गटात आलं. आज या गटांना एफबीएस आणि एफसीएस म्हणतात. वरच्या गटातला संघ ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊ शकत होता, खालच्या गटातला ६३ शिष्यवृत्त्यांएवढीच. बावीसचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण फुटबॉलमध्ये तो चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात अंगावर येतो. दमलेल्या खेळाडूच्या जागी ताज्या दमाचा माणूस उतरवायचा तर तो बाकावर असावा लागतो.

दुसरा घाव १९८४ चा. सामने टीव्हीवर कोणाचे आणि किती दाखवायचे हे तोवर एनसीएए ठरवत असे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडीत काढली. मोठ्या विद्यापीठांना आपापले हक्क विकण्याची वाट मोकळी झाली. पुढच्या वीस वर्षांत पैसा वर वर जमत गेला आणि दोन गटांमधली दरी रुंदावत गेली.

याच दरीतून एक रिवाज रुळला. मोठं विद्यापीठ हंगामाच्या सुरुवातीला छोट्या विद्यापीठाला ठरावीक रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतं. छोट्याने यायचं, मार खायचा, चेक घेऊन परतायचं. परतीची भेट नसते. चाहत्यांच्या भाषेत असा पाहुणा म्हणजे ‘कपकेक’. त्या चेकवर छोट्या विद्यापीठाचे इतर खेळ वर्षभर चालतात, म्हणून कुणी नाही म्हणत नाही. २००६ पासून वरच्या गटाला हंगामात अकराऐवजी बारा सामने खेळायची कायमची मुभा मिळाली आणि अशा पाहुण्यांना मागणी वाढली. मिशिगनच्या स्टेडियममध्ये लाखाहून अधिक माणूस बसतं. घरच्या मैदानावरचा एक जादा सामना म्हणजे केवढा गल्ला, याचा हिशेब कुणीही करावा. त्यातले ४ लाख डॉलर ॲपलाचियनला देण्याचं ठरलं.

इथवरची गोष्ट त्या काळातल्या कुठल्याही छोट्या विद्यापीठाची असू शकते. ॲपलाचियनची वेगळी ठरते ती जेरी मूर यांच्यामुळे.

बून हे गाव समुद्रसपाटीपासून ३,३३३ फुटांवर, ब्लू रिज डोंगररांगेत. १८९९ मध्ये डॉर्टी बंधूंनी इथे वटॉगा अकॅडमी नावाची शाळा काढली. डोंगरातल्या पोरांना शिकवायला शिक्षक मिळत नाहीत, तर ते इथेच घडवावेत, हा हेतू. त्या शाळेचं पुढे विद्यापीठ झालं. मूर तिथे १९८९ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा त्यांच्या नावापुढे अपयशाचा शिक्का होता. टेक्सस टेक विद्यापीठाने त्यांना १९८५ च्या हंगामानंतर काढून टाकलं होतं आणि काही काळ ते या धंद्याबाहेरच होते. बूनमध्ये ते रुजले. दर वर्षी बरा संघ, अधूनमधून बाद फेरी, पण विजेतेपद नाही. २००४ च्या सुमारास, वयाची साठी ओलांडलेली असताना, या माणसाने आपली सगळी खेळपद्धती मोडून नवी घेतली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

नवी पद्धत होती ‘स्प्रेड’. एरवी दोन्ही संघांचे धिप्पाड खेळाडू मध्यभागी दाटीने भिडतात आणि ज्याची ताकद जास्त तो सरकतो. स्प्रेडमध्ये आक्रमण करणारा संघ आपली माणसं मैदानाच्या पूर्ण रुंदीभर पसरवतो. समोरच्यालाही पांगावं लागतं. मग दाटी संपते, मोकळी जागा उरते आणि त्या जागेत वजनापेक्षा वेग वरचढ ठरतो. ६३ शिष्यवृत्त्यांच्या संघाला अवाढव्य माणसं मिळत नाहीत, चपळ पोरं मिळतात. ही विद्या मूर यांच्या सहकाऱ्यांनी वेस्ट व्हर्जिनियाला रिच रॉड्रिगेझ यांच्या संघाकडे जाऊन पाहिली, उचलली आणि बूनमध्ये घोटून घेतली. त्या पद्धतीला साजेसा क्वार्टरबॅकही (आक्रमणात चेंडू हाती घेऊन पास देणारा किंवा स्वतः पळणारा खेळाडू) लवकरच मिळाला. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनवूडचा अर्मांटी एडवर्ड्स, सडसडीत, डावखुरा, फेकण्यात आणि पळण्यात सारखाच तरबेज.

२००५ मध्ये ॲपलाचियनने आपल्या गटाचं विजेतेपद पटकावलं, २००६ मध्ये पुन्हा. खालच्या गटात विजेता बाद फेरीतून ठरतो, हरला की घरी. वरच्या गटात तेव्हा मतदानाच्या याद्यांचं आणि संगणकाच्या गणिताचं राज्य होतं. म्हणजे हातघाईच्या सामन्यांची सवय मिशिगनपेक्षा ॲपलाचियनच्या पोरांना जास्त होती. ॲन आर्बरला उतरले तेव्हा ते सलग १४ सामने जिंकून आले होते.

मिशिगनची बाजूही पाहायला हवी, कारण ‘त्यांनी हलक्यात घेतलं’ एवढ्यावर तिथले चाहते विषय संपवतात. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांचे आदरणीय माजी प्रशिक्षक बो शेमबेक्लर यांचं निधन झालं, ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी. तो सामना ४२-३९ असा निसटला आणि पुढे रोझ बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामनाही गेला. क्वार्टरबॅक चॅड हेनी, चेंडू घेऊन पळणारा माईक हार्ट आणि भिंतीसारखा जेक लाँग हे तिघेही व्यावसायिक लीगचा मोह बाजूला ठेवून शेवटच्या वर्षाला थांबले ते राष्ट्रीय विजेतेपदासाठी. हा संघ बेफिकीर नव्हता. पण एक जुनं दुखणं होतं. २००० मध्ये नॉर्थवेस्टर्नने याच स्प्रेडच्या जोरावर त्यांना ५४-५१ असं हरवलं होतं. २००५ च्या रोझ बोलमध्ये टेक्ससच्या व्हिन्स यंगने, पळणाऱ्या क्वार्टरबॅकने, एका गुणाने. औषध सापडलेलं नव्हतं.

सामन्यात हेच उघडं पडलं. मिशिगनने पहिला टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं, सहा गुण) सहज केला, पण लगेचच एडवर्ड्सने डेक्स्टर जॅक्सनला तिरका पास दिला आणि जॅक्सन सगळा बचाव मागे टाकत ६८ यार्ड पळत सुटला. मध्यंतराला फलक दाखवत होता ॲपलाचियन २८, मिशिगन १७. दुसऱ्या अर्धात अपेक्षेप्रमाणे वजन आणि बाक बोलू लागले. मांडीच्या दुखापतीमुळे काही वेळ बाहेर बसलेला हार्ट परतला, त्याने दिवसभरात १८८ यार्ड काढले. साडेचार मिनिटं उरलेली असताना तो ५४ यार्ड पळाला आणि मिशिगन ३२-३१ ने पुढे गेलं. दोन टचडाउननंतर त्यांनी एका गुणाच्या सोप्या किकऐवजी दोन-दोन जादा गुणांचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही फसले होते. ते गुण पुढे महागात पडले.

एडवर्ड्सचा पास मिशिगनने पकडला. तिथेच संपायला हवं होतं. पण मिशिगनची फील्ड गोलची (दोन खांबांमधून मारायची, तीन गुणांची) किक ब्रायन क्विकने अडवली. दीड मिनिटाच्या आसपास वेळ, घड्याळ थांबवायला टाइमआउट एकही नाही. एडवर्ड्स पास देत राहिला आणि संघ धावत धावत पुढच्या जागा घेत राहिला. कोको हिलरीने चेंडू गोलरेषेच्या अगदी जवळ आणला. मूर यांनी टचडाउनचा मोह टाळला आणि लगेच किक मारायला लावली. ज्युलियन राउचची २४ यार्डांची किक दोन खांबांमधून गेली. ३४-३२, उरले २६ सेकंद.

तेवढ्यातही मिशिगनने मारिओ मॅनिंगहॅमला ४६ यार्डांचा पास दिला आणि ३७ यार्डांवरून किक घ्यायची संधी मिळवली. ही शेवटची सहा सेकंदं चाहते खेळाडूंच्या नावानिशी सांगतात. रांगेच्या कडेने कोरी लिंच आत घुसला, झेपावला, चेंडू त्याला आपटून खाली पडला, तोच त्याने उचलला आणि समोरच्या टोकाकडे पळत सुटला. पाय जड झालेले, मागे मिशिगनचे खेळाडू. त्याला पाडलं तेव्हा घड्याळ शून्यावर होतं.

हा सामना दाखवणारी बिग टेन नेटवर्क ही मिशिगनच्या लीगची वाहिनी सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते आणि बड्या केबल कंपन्यांवर ती अजून दिसत नव्हती. त्यामुळे ज्यांच्याकडे डिश होती ती ठिकाणं भरली आणि बाकीच्यांनी रेडिओला कान लावले. आठवणी सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी लिंचची ती झेप प्रत्यक्षात नंतर, बातम्यांत पाहिली आहे. सामना शेकडो मैलांवर झाला होता, तरी बूनमधले विद्यार्थी आपल्या रिकाम्या किड ब्रुअर स्टेडियममध्ये शिरले, गोलपोस्ट उखडला आणि गावातून मिरवत कुलगुरूंच्या अंगणात नेऊन ठेवला.

परिणाम झपाट्याने झाले. वरच्या गटातल्या मानांकित संघाला खालच्या गटाने हरवण्याची ती पहिलीच वेळ, आणि पहिल्या पाचांतल्या संघाला तर त्यानंतर आजवर खालच्या गटातल्या कुणीही हरवलेलं नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीच्या यादीत तोवर खालच्या गटातल्या संघांना मत देताच येत नसे. काही दिवसांत तो नियम बदलला आणि त्या हंगामात ॲपलाचियनला काही मतं पडलीही. मिशिगन मात्र पाचव्या क्रमांकावरून यादीबाहेर फेकलं गेलं. पुढच्या आठवड्यात ऑरेगनने, पुन्हा पळणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जोरावर, त्यांना ३९-७ असं झोडपलं. प्रशिक्षक लॉइड कार यांनी हंगामाअखेर निवृत्ती घेतली, जाताना फ्लोरिडाला ४१-३५ हरवून. त्यांच्या जागी मिशिगनने आणलं कुणाला, तर रिच रॉड्रिगेझना. ज्यांच्या विद्येने घात केला त्यांनाच घरात घेतलं आणि ते लग्न तीन वर्षांत मोडलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टॅनफर्डने यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) २४-२३ असं हरवलं. सट्टाबाजारात स्टॅनफर्ड ४१ गुणांनी मागे होतं, म्हणून आकड्यांनी मोजणारे तो धक्का मोठा धरतात. मला ते मान्य नाही. स्टॅनफर्ड आणि यूएससी एकाच लीगमधले, सारख्याच शिष्यवृत्त्यांचे संघ. ॲपलाचियनच्या विजयाला ‘चमत्कार’ म्हणणंही मला पटत नाही. बूनमध्ये तीन वर्षं रोज संध्याकाळी जे घोटलं जात होतं, ते त्या शब्दाने पुसलं जातं.

ॲपलाचियनने २००७ मध्ये सलग तिसरं विजेतेपद घेतलं. मूर २०१२ च्या हंगामानंतर पायउतार झाले आणि २०१४ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एडवर्ड्सची निवड २०२४ मध्ये झाली. विद्यापीठ २०१४ मध्ये वरच्या गटात चढलं आणि तिथला पहिलाच सामना मिशिगनविरुद्ध, त्याच मैदानावर ठेवला गेला. या वेळी ५२-१४ असा सपाटून मार बसला.

सप्टेंबर २०२२ मध्ये सहाव्या क्रमांकावरच्या टेक्सस ए अँड एमने ॲपलाचियनला १५ लाख डॉलर देऊन बोलावलं आणि १७-१४ ने सामना गमावला. त्या रात्री बूनचा किंग स्ट्रीट विद्यार्थ्यांनी फुलून गेला. पुढच्या शनिवारी ईएसपीएनचा ‘कॉलेज गेमडे’ हा कार्यक्रम प्रथमच बूनहून झाला आणि दुपारी ट्रॉयविरुद्ध, वेळ संपताना फेकलेल्या लांबलचक पासवर, ॲपलाचियन ३२-२८ ने जिंकलं.