ट्रॅकिंग ऑटोफोकस : पालखी, पक्षी आणि कासवांच्या फोटोंसाठी

आमच्या दुकानातून मिररलेस कॅमेरा विकत किंवा भाड्याने नेणाऱ्यांसाठी

“दादा, डोळा पकडतो म्हणालात, पण फोटोत तर मागचाच माणूस शार्प आलाय!” शिमगा संपला की रत्नागिरीतल्या आमच्या काउंटरवर ही तक्रार हमखास येते. अशा वेळी कॅमेरा सहसा बिघडलेला नसतो. समोर डोळे आहेत हे त्याला बरोबर कळलेलं असतं. त्यातला कोणाचा डोळा हवा, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ते कसं सांगायचं, एवढंच या पत्रकात आहे. कॅमेरा हातात घेऊन वाचलंत तर अर्ध्या तासात सगळं मार्गी लागेल.

कॅमेरा नेमकं काय करतो

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या खाली असायचा. त्याचे पॉइंट फ्रेमच्या मधल्या भागात दाटलेले असायचे, त्यामुळे माणूस कडेला सरकला की फोकस सुटायचा. मिररलेसमध्ये आरसाच नाही. ज्या सेन्सरवर फोटो उमटतो त्याच्यावरच फोकस मोजणारे पिक्सेल असतात आणि आताच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ते जवळपास पूर्ण फ्रेमभर पसरलेले असतात. शिवाय संपूर्ण चित्र कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर सतत असतं, म्हणून समोर काय आहे हे तो ओळखू शकतो.

इथे दोन वेगळी कामं चालतात आणि गोंधळ त्यांच्या सरमिसळीतूनच होतो. पहिलं काम ओळखण्याचं : हा माणूस, हा पक्षी, ही गाडी. दुसरं माग ठेवण्याचं, म्हणजेच ट्रॅकिंगचं : एकदा धरलेली वस्तू रंग, उजेड, पोत आणि अंतर यांवरून पुढच्या क्षणी कुठे गेली ते शोधत राहायचं. माणसाने पाठ फिरवली की डोळा दिसत नाही, मग कॅमेरा डोक्यावर येतो, डोकं झाकलं की अंगावर. तो परत वळला की पुन्हा डोळ्यावर. चांगल्या कॅमेऱ्यात ही साखळी तुटत नाही.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डोळ्यावर चौकट आली म्हणजे फोकस झाला असं नाही. ती पांढरी किंवा राखाडी चौकट फक्त “ओळख पटली” एवढंच सांगते. फोटो काढायचं बटण अर्धं दाबल्यावर चौकटीचा रंग बदलतो. सोनीत ती हिरवी होते, कॅननच्या सर्वो या सतत फोकस करणाऱ्या मोडमध्ये निळी. तोवर क्लिक करू नका.

तीन सेटिंग, याच क्रमाने

फोकस मोड सतत चालणारा ठेवा. सोनी, निकॉन आणि फुजीत याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये सर्वो. एएफ-एसवर किंवा वन शॉटवर कॅमेरा एकदा फोकस करून थांबतो. पुढे वस्तू हलली तरी तो हलत नाही. ‘ट्रॅकिंग चालत नाही’ म्हणून येणाऱ्या ग्राहकाच्या हातून कॅमेरा घेतल्यावर आम्ही सगळ्यात आधी हेच पाहतो.

मग कोणाला ओळखायचं ते निवडा : माणूस, प्राणी, पक्षी, वाहन. काही मॉडेलमध्ये ऑटो असतं, पण जिथे नेमकं ठाऊक आहे तिथे नेमकं निवडणंच बरं. सकाळी बंदरावर पक्षी काढले आणि संध्याकाळी तोच कॅमेरा लग्नाला नेला, तर पक्षी बदलून माणूस करायला विसरू नका. फुजीत तर पक्षी-प्राण्यांची ओळख चालू केली की चेहरा आणि डोळ्यांची ओळख आपोआप बंद होते.

तिसरं सेटिंग एरियाचं, म्हणजे फ्रेमच्या किती भागात फोकस शोधायचा त्याचं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. नवीन कॅमेरा पूर्ण फ्रेमवर ठेवलेला असतो. समोर एकच माणूस असेल तर ते उत्तम चालतं. गर्दीत मात्र कॅमेरा स्वतःच्या मर्जीने निवडतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात जवळचा किंवा मोठा चेहरा धरतो. म्हणून लहान चौकटीपासून सुरू होणारं ट्रॅकिंग लावा. सोनीत ‘ट्रॅकिंग : एक्सपांड स्पॉट’, निकॉनच्या ज्या मॉडेलमध्ये आहे त्यात ‘थ्री-डी ट्रॅकिंग’. कॅननमध्ये एक पॉइंट निवडून मेनूतलं ‘होल एरिया ट्रॅकिंग’ चालू करा. चौकट हव्या त्या माणसावर ठेवा, बटण अर्धं दाबून धरा आणि मग फ्रेम हवी तशी हलवा. चौकट त्या माणसाबरोबर फिरेल. बटणावरचं बोट उचललंत की माग संपला, पुन्हा पहिल्यापासून धरावं लागेल.

शिमग्याची पालखी

पालखी नाचताना ढोल-ताशा, गुलाल, भोयांचे घामेजलेले चेहरे आणि त्यांच्यामागे शंभर चेहरे, सगळं एकाच फ्रेममध्ये असतं. ट्रॅकिंगची खरी परीक्षा इथेच लागते.

आधी ठरवा की फोटो भोयांचा हवा की पालखीचा. पालखीत देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, लावलेली असतात, तीही चेहरेच. माणसाची ओळख चालू असेल तर कॅमेरा कधी रूपांवर जातो, कधी पुढच्या भोयावर आणि दर क्षणाला दोघांत उड्या मारतो. पालखी हवी असेल तर माणसाची ओळख सरळ बंद करा आणि लहान चौकट पालखीच्या वस्त्रावर ठेवा. भडक रंगाचं, काठाचं वस्त्र ट्रॅकिंगला छान सापडतं, कारण आजूबाजूला तसा रंग दुसरा नसतो. भोयी हवा असेल तर ओळख चालू ठेवून चौकट त्याच्या चेहऱ्यावर ठेवा आणि पालखी वर उचलली जाण्याच्या आधीच त्याला धरा. एकदा नाच रंगात आला की नव्याने धरणं कठीण जातं.

संकासुर या शिमग्यातल्या मुखवट्याच्या सोंगाच्या बाबतीत डोळ्याच्या ओळखीवर विसंबू नका. काळा पोशाख, उंच टोकदार टोपी आणि मुखवट्याची पांढरी दाढी हे कॅमेऱ्याच्या ओळखीतलं रूप नाही. तिथे साधी चौकट दाढी आणि काळ्या कापडाच्या सीमेवर ठेवा. फोकसला उजेड-अंधाराची कड लागते आणि ती तिथे ठळक असते. नुसत्या काळ्या कापडावर लेन्स पुढे-मागे शोधत राहील.

रात्री एफ/१.८ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, लेन्स न्या. ३५ किंवा ५० मिलिमीटर पुरते. लेन्समधून जितका जास्त उजेड आत, तितका फोकस चपळ. कॅमेऱ्यासोबत किटमध्ये मिळणारी झूम लेन्स अंधारात मागे पडते. शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४००पर्यंत गेला तर जाऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. एलईडी आणि ट्यूबच्या उजेडात सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात. आणि गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका. तो सेन्सरवर गेला की साफ करताना आमचा आणि तुमचा दोघांचाही जीव वर-खाली होतो.

मिरकरवाड्याच्या घारी

होड्या लागल्या की मिरकरवाडा बंदरावर घारी, बगळे आणि हिवाळ्यात कुरव यांची झुंबड उडते. सरावाला याहून चांगली जागा नाही.

सुरुवात ब्राह्मणी घारीपासून करा. डोकं पांढरं आणि त्यावर गडद डोळा, त्यामुळे कॅमेऱ्याला डोळा लगेच सापडतो. साध्या घारीचं डोकंही तपकिरी आणि डोळाही. दूरवर असेल तर कॅमेरा डोळ्याऐवजी डोक्यावर किंवा अंगावर थांबतो. त्यात काही चुकलेलं नाही. पक्षी फ्रेममध्ये लहान असताना पूर्ण अंग शार्पच येतं.

मोकळ्या आकाशात उडणारा पक्षी कोणताही कॅमेरा धरतो. तीच घार झेप घेऊन खाली येते आणि तिच्यामागे डोलकाठ्या, दोर, जाळी आली की खरी अडचण. कड जास्त ठळक असल्यामुळे फोकस मागच्या दोरावर उडी मारतो. इथे ट्रॅकिंगची संवेदनशीलता बदलावी लागते, म्हणजे मध्ये काही आडवं आलं तर किती वेळ आपली वस्तू धरून ठेवायची ते. सोनीत १ म्हणजे चिकटून राहणारं आणि ५ म्हणजे पटकन सोडणारं. निकॉनचे आकडे नेमके उलटे आहेत, तिथे ५ म्हणजे चिकटून राहणारं. कॅननमध्ये उणे बाजू चिकटून राहणारी, अधिक बाजू पटकन सोडणारी. बंदरावर चिकटून राहणारी बाजू घ्या. दोन कंपन्यांचे कॅमेरे आलटून पालटून वापरणाऱ्यांनी हे आकडे लिहूनच ठेवावेत.

शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान. दूरचं जवळ आणणाऱ्या टेलि लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल तर जवळचं अंतर वगळा, म्हणजे फोकस सुटला तरी लेन्स पार जवळपर्यंत जाऊन परत येण्यात वेळ घालवणार नाही. घार दूर असतानाच तिच्यावर एकदा फोकस करून ठेवा. पूर्ण धूसर झालेल्या चित्रात कॅमेऱ्याला पक्षी ओळखताच येत नाही.

भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत दुपारी काढलेले फोटो मऊ येतात. तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते, फोकस अचूक असला तरी तपशील विरघळतो. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर जा.

वेळासची कासवं

मार्च-एप्रिलमध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाहायला जाणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. फ्लॅश तर लावायचाच नाही, पण अंधारात फोकसला मदत करणारा एएफ असिस्टचा दिवाही मेनूतून घरूनच बंद करून जा. पिल्लं समुद्राकडे जाताना उजेडाच्या रोखाने जातात, कृत्रिम उजेडाने ती भरकटतात. प्राण्यांच्या ओळखीत कासव येत नाही, ती मुख्यतः कुत्रा-मांजरासारख्यांसाठी बनवलेली आहे. ओळख बंद करून लहान चौकट पिल्लाच्या डोक्यावर ठेवा. ओल्या वाळूवर काळसर पिल्लू उठून दिसतं, ट्रॅकिंग सुटत नाही. तिथले स्वयंसेवक सांगतील त्या रेषेच्या मागेच राहा.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी

‘आय एएफ (डोळ्यावर फोकस) आहे’ म्हणजे ट्रॅकिंग आहे असं नव्हे. सोनीचं रिअल-टाइम ट्रॅकिंग २०१९च्या ए६४००पासून आलं. २०१८च्या ए७ थ्रीला नंतर फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटने, डोळ्याची सुधारित ओळख मिळाली, रिअल-टाइम ट्रॅकिंग मात्र मिळालं नाही. निकॉनच्या मिररलेसमध्ये थ्री-डी ट्रॅकिंग २०२१च्या झेड९पासून आहे. झेड६ आणि झेड६ टूमध्ये ते नाही, पक्ष्यांची ओळखही नाही. लग्न आणि घरगुती कामाला हे कॅमेरे आजही उत्तम आहेत. पक्ष्यांसाठी मात्र पैसे टाकण्याआधी आमच्याशी बोला, आम्ही दुकानाबाहेर नेऊन प्रत्यक्ष दाखवतो.

फोटो मऊ आला तर

फोटो मोठा करून बघा. दुसरं काहीतरी शार्प आहे, मागची भिंत किंवा शेजारचा माणूस? मग फोकस चुकीच्या जागी गेला, एरिया लहान करा. सगळं स्थिर शार्प आहे आणि फक्त हलणारा हात पुसट? शटरचा वेग वाढवा. पूर्ण फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी? तुमचा हात हलला. सगळं दुधाळ दिसतंय? एसी गाडीतून किंवा खोलीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढलात, काचेवर बाष्प धरलं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा. आणि फोटो ठीक आहे पण व्ह्यूफाइंडरमध्येच धूसर दिसतंय, तर त्याच्या बाजूचं डायॉप्टरचं, म्हणजे आपल्या नजरेनुसार जुळवायचं, चाक फिरलेलं आहे.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर ते फोटो उडवू नका. कार्ड तसंच घेऊन या. कोणत्या मोडवर, किती शटरवर काढलं हे फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेलं असतं. दुकानातल्या स्क्रीनवर आम्ही तुमच्यासोबत बसून बघू आणि कॅमेऱ्यात तिथल्या तिथे सेटिंग करून देऊ. भाड्याचा कॅमेरा असो वा स्वतःचा, याचे पैसे लागत नाहीत.