नवतपा, कुलर आणि ब्रेडचं पाकीट

मे महिन्याच्या नागपुरात, त्यातही नवतपाच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, ब्रेड दोन उलट्या तऱ्हांनी वाया जातो. दुपारी बाहेरच्या हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर आलेली असते. त्या हवेत उघडा राहिलेला स्लाइस बघता बघता टोस्टसारखा कडक होतो. तोच ब्रेड हॉलमध्ये कुलरसमोरच्या टेबलावर, पाकिटाचं तोंड नुसतं मुरडून ठेवला, तर दोन-चार दिवसांत त्यावर हिरवट ठिपके येतात. कुलर पाण्याची वाफ करूनच खोली गार करतो. बाहेर ४४ अंश आणि कोरडं ठक्क, आत तिशीच्या आसपास आणि दमट. माणसाला जे बरं वाटतं ते बुरशीलाही मानवतं. कुलरच्या ताट्यांना, म्हणजे बाजूच्या ओल्या गवताच्या पडद्यांना, कुबट वास येत असेल, तर त्या ताट्यांवरही बुरशीच वाढते आहे आणि तिचे बीजाणू पंखा खोलीभर पसरवतो आहे, हेही ध्यानात घ्यावं.

मग घरोघरी एकच उपाय होतो: ब्रेड फ्रीजमध्ये टाका. बुरशी लांबते खरी, पण ब्रेड लवकर शिळा होतो. खराब होणं आणि शिळं होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणं निराळी, त्यांवरचे उपाय निराळे आणि कारखान्यात त्यांसाठी घातली जाणारी रसायनंही निराळी. एवढं एक नीट कळलं की पाकिटावरचे आकडेही वाचता येतात आणि त्यातलं काय टाळायचं हेही ठरवता येतं.

आधी शिळेपणाचं बघू. ब्रेड वाळला म्हणून शिळा झाला, असं आपण सहज धरून चालतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त बुसाँगो यांनी १८५२ मध्येच दाखवून दिलं होतं की, पाणी अजिबात उडू न देता बंद ठेवलेला ब्रेडही शिळा होतो, आणि तो पुन्हा तापवला की मऊ होतो. म्हणजे पाणी ब्रेडमध्येच असतं, फक्त त्याची जागा बदललेली असते.

गव्हाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात: सरळ साखळीचा अमायलोज आणि फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन. भट्टीत स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि आतली रेणूंची घट्ट रचना मोडते. ताज्या पावाचा मऊपणा यातूनच येतो. पाव थंड होऊ लागला की अमायलोज काही तासांतच पुन्हा एकमेकांना धरून बसतो. गरम पाव कापला तर सुरीला लगदा चिकटतो आणि तासा-दोन तासांनी तोच सुबक कापला जातो, तो यामुळेच. अमायलोपेक्टिनला मात्र घाई नसते. त्याच्या फांद्या पुढचे काही दिवस हळूहळू जवळ येऊन स्फटिकासारख्या रचतात. ब्रेडचं पाणी त्यात अडकतं आणि घास कोरडा, भुरभुरीत लागतो.

ही रचना सगळ्यात वेगाने होते ती शून्याच्या थोडं वर, म्हणजे बरोबर फ्रीजच्या तापमानाला. फ्रीजमधल्या भाताचं शीत टणक होतं तेही याचमुळे, आणि सकाळची पोळी रात्री वातड होते त्यामागेही बराचसा हाच स्टार्च असतो. ६० अंशांच्या वर तापवलं की अमायलोपेक्टिनचे स्फटिक वितळतात आणि अडकलेलं पाणी सुटतं. शिळ्या पोळीचा कुस्करा करताना आपल्या बायाबापड्या पाण्याचा हबका मारून वर झाकण ठेवतात, त्यात हे सगळं शास्त्र आलं. ब्रेडलाही तेच करावं: मंद तवा, पाण्याचे चार थेंब, झाकण, मिनिटभर. मात्र असा मऊ केलेला ब्रेड लगेच खावा, कारण निवला की तो पहिल्यापेक्षा लवकर कडक होतो.

फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, हा खेळ जवळपास थांबतो. पाणी गोठलेलं असल्यामुळे रेणूंना हलायला वाव नसतो आणि बुरशीलाही काही करता येत नाही. म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात माझा आग्रह असतो तो वरच्या बर्फाच्या कप्प्याचा. ब्रेड आणल्या दिवशीच, ताजा असतानाच, दोन-दोन किंवा चार-चार स्लाइस पिशवीत घालायचे, हवा दाबून काढायची आणि तोंड घट्ट बंद करायचं. लागेल तेवढे काढून थेट तव्यावर किंवा टोस्टरमध्ये टाकायचे. आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवू नयेत, तिथे तो पुन्हा त्याच शिळं करणाऱ्या तापमानात सापडतो. काकडी आणि सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) चटणीच्या सँडविचला गार ब्रेडच हवा असेल, तर बाहेर पाकिटातच वितळू द्यावा. जाड लादीपावही असाच टिकतो.

आता बुरशी. भट्टीतून निघालेल्या पावात जिवंत बुरशी नसते, ती उष्णतेत मरून गेलेली असते. तिची लागण नंतर होते: गार व्हायला ठेवलेल्या ट्रेवर, स्लाइस करायच्या पात्यांवर, हाताळणाऱ्यांच्या हातांतून आणि हवेतून. पाव गरम असतानाच पॉलिथिनमध्ये बांधला तर वाफ आत अडकते आणि पाकिटाच्या आतून पाण्याचे थेंब धरतात. दुकानात पाकीट उजेडात धरून बघावं. आतून दव दिसत असेल तर ते परत ठेवावं, छापलेली तारीख काहीही असो.

एक ठिपका दिसला म्हणून तेवढाच कोपरा तोडून बाकीचा ब्रेड खाणारी घरं पुष्कळ आहेत. हे करू नये. ब्रेड सच्छिद्र असतो, बुरशीचे धागे ठिपक्याच्या बरेच पलीकडे गेलेले असतात आणि काही बुरशी तयार करतात ती विषारी द्रव्यं टोस्ट केल्यानेही जात नाहीत. वास घेऊन खात्री करणंही वाईट, बीजाणू सरळ नाकात जातात.

याच बुरशीसाठी कारखाने कॅल्शियम प्रोपिओनेट घालतात, पाकिटावर २८२ हा आकडा असतो तो. त्याचं आणखी एक काम आहे आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते महत्त्वाचं आहे. पिठात बॅसिलस नावाचे जिवाणू असतात. पावाचा गाभा भाजताना १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे या जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. ३५-४० अंशांच्या गरमीत ते जागे झाले की पाव आतून चिकट, तपकिरी होतो, तोडला तर तारा सुटतात आणि पिकून गेलेल्या खरबुजासारखा वास येतो. प्रोपिओनेट यालाही अटकाव करतं. प्रोपिओनिक आम्ल स्विस चीजमध्ये आपोआप असतं, आपल्या आतड्यांतले जिवाणूही ते बनवतात. तरी २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं की, जेवणातून प्रोपिओनेट दिलेल्या माणसांच्या रक्तात ग्लुकॅगॉनसारखी, साखर वाढवणारी संप्रेरकं वाढतात. प्रयोग छोटा होता, त्यावरून घाबरून जाण्याचं कारण नाही. रोज नाश्त्याला ब्रेडच खाणाऱ्यांनी प्रमाण कमी करावं, इतकं मी त्यातून घेतो.

शिळेपणावरची द्रव्यं वेगळी असतात. ४७१ आणि ४८१ हे इमल्सिफायर स्टार्चच्या साखळ्यांना चिकटून त्यांचं एकत्र येणं लांबवतात. अमायलेज एन्झाइम अमायलोपेक्टिनच्या फांद्या थोड्या छाटतात, म्हणजे त्यांना नीट रचताच येत नाही, आणि भाजताना हे एन्झाइम निकामी होतात. आठवडाभर हातात दाबला तरी पुन्हा फुगणारा ब्रेड असतो तो बहुतेक यांच्या जोरावर. तो तितका दिवस मऊ आहे, यावरून ताजेपणाबद्दल काहीच कळत नाही.

खरी तक्रार होती ती तिसऱ्याच गटाबद्दल, कणीक सुधारणाऱ्या द्रव्यांबद्दल, म्हणजे इम्प्रूव्हरबद्दल. पोटॅशियम ब्रोमेट ग्लुटेनला, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाला, बळकटी देतं, पाव उंच फुगतो. जपानी संशोधकांना १९८०च्या दशकात त्यामुळे उंदरांमध्ये मूत्रपिंडाचे कर्करोग आढळले आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करू शकणाऱ्यांच्या यादीत घातलं. ब्रिटनने १९९० मध्येच ते बंद केलं होतं. आपल्याकडे मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ब्रेड, पाव, बनचे ३८ नमुने तपासले, त्यांतल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं आणि जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेटवर बंदी आणली. त्याच्या जागी चालतं ते ३००, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, अर्थात क जीवनसत्त्व. या आकड्याला भ्यायचं कारण नाही. सगळ्या आकड्यांना एकाच पारड्यात टाकून ‘केमिकल’ म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

ब्राऊन ब्रेड घेताना यादी वरून वाचावी. जो घटक वजनाने जास्त तो आधी छापावा लागतो. पहिला शब्द मैदा असेल आणि खाली १५० हा कॅरॅमल रंग असेल, तर तपकिरी रंग कोंड्याचा नाही. चौकातल्या बेकरीच्या सुट्या पावावर तर यादीच नसते. तिथे बेकरीवाल्या भाऊंना सरळ विचारावं: माल रोजचा निघतो का, इम्प्रूव्हर घालता का, कोणता? जो डबा उघडून दाखवतो त्याच्याकडून घ्यावा, त्याच दिवशी खावा, उरला तर फ्रीजरमध्ये.

घरी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी हाताशी आहेत. अर्धा किलो मैदा किंवा कणकेतला चमचा-दोन चमचे भाग पाचपट पाण्यात शिजवून त्याची पातळ उकड करायची आणि निवल्यावर बाकी पिठात मळायची. आधीच फुगलेला हा स्टार्च जास्त पाणी धरून ठेवतो आणि पाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. मळतानाच चमचाभर व्हिनेगर किंवा आंबट दही घातलं तर आंबटपणामुळे तारा सुटवणाऱ्या जिवाणूंना आळा बसतो. थोडं दूध आणि लोणीही शिळेपणा लांबवतं. पाव भट्टीतून काढल्यावर जाळीवर पूर्ण गार होऊ द्यावा, कुलरच्या झोतापासून दूर, वर स्वच्छ कापड टाकून. मग धुऊन कोरड्या केलेल्या सुरीने कापावा, आजचा भाग बाहेर ठेवावा आणि बाकीचा लगेच गोठवावा.