ब्लेकच्या ‘लंडन’मधल्या बेड्या कुणी घडवल्या?

इंग्रज कवी विल्यम ब्लेकची ‘लंडन’ ही १७९४ सालची सोळा ओळींची कविता शिकवताना एक समज हमखास पुढे येतो: त्यातल्या ‘मनाने घडवलेल्या बेड्या’ म्हणजे गरिबांनी स्वतःच ओढवून घेतलेली गुलामी. हे वाचन चुकीचं आहे, आणि मला ते अन्यायकारकही वाटतं.

ब्लेकची वहीच पाहा. कच्च्या खर्ड्यात त्याने आधी ‘जर्मन बनावटीच्या’ बेड्या लिहिल्या होत्या. राजा तिसरा जॉर्ज जर्मन हॅनोव्हर घराण्यातला, तेव्हा रोख उघड होता. तसंच ‘घाणेरडे’ रस्ते आणि ‘घाणेरडी’ थेम्स खोडून त्याने ‘चार्टर्ड’ केलं. चार्टर म्हणजे सनद. राजकीय लेखक थॉमस पेनने त्याच सुमारास ठणकावून सांगितलं होतं की सनद काहींना हक्क देते म्हणजे बाकीच्यांचे काढून घेते. वाहती नदीसुद्धा सनदेत अडकली, हे केवढं भयंकर चित्र!

शिवाय बेड्यांचा खणखणाट ऐकू येतो तो प्रत्येक आवाजात आणि प्रत्येक मनाई-हुकमात. हुकूम गरीब काढत नाहीत. पुढच्याच कडव्यात धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या हाकेसमोर चर्च उभं आहे, सैनिकाचा उसासा राजवाड्याच्या भिंतीवरून रक्त होऊन ओघळतो. त्या कडव्याच्या चार ओळींची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की शब्द होतो ‘हिअर’, म्हणजे ‘ऐका’.