‘सबमिट’ दाबल्यावर काय होतं?

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदार मित्राने नागपूरच्या सक्करदरा चौकात मला त्याची नवी वेबसाइट दाखवली. ऑक्टोबरचं ऊन, भर दुपार. आंबिया बहाराची फळं तोडणीला आली होती आणि ती दलालाकडे न जाता थेट घरोघरी जावीत, एवढीच त्याची इच्छा. “भाऊ, लोकं येतात, पाहतात अन् चालले जातात,” तो म्हणाला. मी फोन हातात घेतला, तर बटणावरची अक्षरंच दिसेनात. हाताने सावली धरली, तेव्हा नारिंगी पट्टीवर पांढरा शब्द दिसला : सबमिट.

मागे शेअर ऑटोवाला ओरडत होता, “बर्डी, बर्डी, बर्डी!” त्याच्या हाकेत गाडी कुठे जाणार हे कळतं, आणि ज्याला सीताबर्डीला जायचंय तो उडी मारून बसतो. ‘सबमिट’मधून काय कळतं? पैसे लगेच कापले जातील, की कोणी फोन करेल, की नुसती चौकशी नोंदवली जाईल? वेबसाइटवर पुढचं पाऊल सुचवणाऱ्या अशा बटणाला ‘कॉल टू अ‍ॅक्शन’ म्हणतात. ते बहुतेक वेळा फसतं ते जोर कमी पडल्यामुळे नाही, तर पुढे काय होणार हे न सांगितल्यामुळे.

याचा माझ्या माहितीतला सर्वांत बोलका पुरावा वेबसाइटच्या कितीतरी आधीचा आहे. 1965 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेन्थाल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती देऊन लस घ्यायला सांगितलं. काहींना दिलेलं पत्रक साधं होतं, काहींचं चांगलंच घाबरवणारं. घाबरलेल्यांनी ‘लस महत्त्वाची आहे’ हे जास्त ठामपणे मान्य केलं, पण नुसती माहिती मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष लस घेतली जेमतेम 3 टक्क्यांनी. दुसऱ्या गटाला मात्र आरोग्य केंद्राभोवती गोल केलेला नकाशा दिला आणि आठवड्यात कधी जमेल ते ठरवायला सांगितलं. त्यातले 28 टक्के गेले. ते केंद्र कुठे आहे हे त्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना आधीच ठाऊक होतं! पटणं आणि करणं यांच्यामध्ये एक खड्डा असतो. तो भरायला भीती कामाला आली नाही. ‘कुठे, कधी, कसं’ हे आलं.

म्हणून आम्ही ‘सबमिट’ काढून लिहिलं, ‘5 किलोची पेटी घरी मागवा’. त्याखाली बारीक अक्षरांत : ‘पैसे पेटी हातात पडल्यावर’. फॉर्ममध्ये जन्मतारीख आणि ईमेलसुद्धा विचारलं होतं. संत्री पोचवायला जन्मतारीख कशाला लागते? नाव, मोबाइल, पत्ता, बस्स.

आता रंग. संत्र्याची साइट म्हणजे बटण नारिंगी हवंच, हा आपल्याकडचा हट्ट मला समजतो. पण अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक मोजता येतो. आंतरराष्ट्रीय निकषानुसार साध्या आकाराच्या मजकुरासाठी तो किमान 4.5 पट हवा. नेहमीच्या नारिंगीवर पांढरी अक्षरं जेमतेम 2 पट भरतात. त्याच नारिंगीवर काळी अक्षरं 10 पटींच्या वर जातात. नागपूरच्या उन्हात हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. बटणाचा आकारही असाच : मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये दाखवलं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हात पोचायला वेळ जास्त. आम्ही बटण अंगठ्याखाली येईल असं मोठं केलं.

‘फक्त 2 पेट्या शिल्लक!’ असं लिहू का, असं मित्राने विचारलं. गोदामात खरंच दोनच असतील तर जरूर लिहावं. नसतील तर ती फसवणूक आहे, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा खोट्या घाईला मनाई आहे. बागेच्या नावावर धंदा करणाऱ्याने तर या वाटेला जाऊच नये.

मग नवं बटण जुन्यापेक्षा खरंच चांगलं आहे का? अंदाजावर विसंबू नये, दोन्ही लोकांना दाखवून मोजावं. 2008 च्या निवडणुकीसाठीच्या बराक ओबामांच्या प्रचाराच्या वेबसाइटवर ‘साइन अप’ऐवजी ‘लर्न मोअर’ लिहिलं, तर नोंदणी 18.6 टक्क्यांनी वाढली. त्याच चाचणीत चमूला आवडलेला व्हिडिओ साध्या फोटोंपेक्षाही मागे पडला.

ही चाचणी शेतकऱ्याला समजावणं सोपं गेलं, कारण तिचं मूळ शेतातच आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले आणि पुढे त्यांनी नियम घालून दिला : कोणत्या वाफ्याला कोणतं खत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. एक वाण विहिरीजवळ आणि दुसरं मुरमाड बरडावर लावलं, तर तुलना वाणाची होत नाही, जमिनीची होते. तसंच मागच्या आठवड्यात जुनं बटण आणि दिवाळीच्या आठवड्यात नवं, असं केलं तर मोजली जाते ती दिवाळी. त्यामुळे एकाच वेळी येणाऱ्यांपैकी निम्म्यांना, कोणतीही निवड न करता, जुनं बटण दिसतं आणि निम्म्यांना नवं.

दोन्हीकडे शंभर-शंभर लोक झाले तेव्हा मित्राचा फोन आला : जुन्यावर 3 पेट्या, नव्यावर 5. तो खूश होता. मी त्याला थांबायला सांगितलं. एवढ्या कमी आकड्यांत दोनचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. आंबियाची तोडणी संपेपर्यंत दोन्ही बटणं तशीच चालू राहणार आहेत.