प्रेझांस आफ्रिकेन

फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या आफ्रिकी आणि कॅरिबियन लेखकांचे प्रमुख वाङ्मयीन व वैचारिक नियतकालिक. सेनेगलमधील सें-लुई येथे जन्मलेले आलियून दियोप (१९१०–८०) यांनी ते १९४७ मध्ये सुरू केले. पहिला अंक पॅरिस आणि डाकार येथून एकाच वेळी निघाला. त्याची प्रस्तावना फ्रेंच साहित्यिक आंद्रे जीद यांची होती, तर पाठीराख्यांच्या समितीत सार्त्र आणि काम्यू हे फ्रेंच लेखक होते. वसाहतीतल्या लेखकाची दखल पॅरिसने घ्यावी यासाठी तेव्हा अशा नावांचा आधार लागे. आफ्रिकी पुस्तकांवरचा निवाडाही बहुधा पॅरिसचे समीक्षकच देत. हे काम लेखकांनी स्वतःकडे घेतले आणि तेही एकमेकांची भीड न ठेवता, हे या नियतकालिकाचे सर्वांत मोठे कर्तृत्व होय.

१९५५ मधला एक अंक त्याची साक्ष देतो. गिनीचे कामारा लाय यांच्या ‘लांफां न्वार’ (१९५३) या बालपणावरील कादंबरीचे फ्रान्समध्ये कौतुक झाले होते. कॅमेरूनचे तरुण कादंबरीकार मोंगो बेती यांनी ‘काळी आफ्रिका, गुलाबी साहित्य’ अशा आशयाच्या मथळ्याखाली तिच्यावर टीकेची झोड उठवली. लेखाखाली त्यांच्या मूळ नावाची, अलेक्झांद्र बियिदीची, फक्त आद्याक्षरे होती. गाव, आई, सोनाराचे काम करणारे वडील हे सारे लाय यांना दिसते. मग वसाहती अंमलाची एकही जुलूमजबरदस्ती त्यांच्या नजरेस कशी पडली नाही, असा बेतींचा सवाल होता. लाय यांच्या गद्यातील हळुवारपणावर हा आघात अन्यायकारक वाटतो. तरीही आफ्रिकी कादंबरीने वाचकाला सुखावायचे की अस्वस्थ करायचे, हा प्रश्न त्यानंतर कोणालाच टाळता आला नाही.

त्याच वर्षी दुसरा वाद रंगला तो छंदांवरून. फ्रेंच कवींनी परंपरागत राष्ट्रीय वृत्तांकडे वळावे, असे आवाहन फ्रेंच कवी लुई आरागाँ यांनी केले होते आणि हैतीचे कवी रने दपेस्त्र यांनी त्याला पाठिंबा दिला. मार्तिनिकचे कवी एमे सेझेर यांनी याच नियतकालिकात कवितेतूनच दपेस्त्र यांना उत्तर दिले. हैतीच्या गुलामांच्या उठावाचा नेता बुकमन याची आठवण देत त्यांनी दपेस्त्र यांना त्या शिस्तीतून निसटून जायला सुचवले. समीक्षेचा इतका धारदार नमुना कवितेत क्वचितच सापडतो.

नियतकालिकाच्या प्रकाशनसंस्थेने (स्थापना १९४९) सेनेगलचे इतिहासकार शेख आंता दियोप यांचा ‘नास्यों नेग्र ए क्युल्त्युर’ (कृष्णवर्णीय राष्ट्रे आणि संस्कृती, १९५४) हा ग्रंथ काढला. सप्टेंबर १९५६ मध्ये आलियून दियोप यांनी पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांची पहिली परिषद भरवली. सेनेगलचे कवी सेंघोर, सेझेर, मार्तिनिकचे विचारवंत फ्रांझ फानोन, अमेरिकी कादंबरीकार रिचर्ड राइट तिथे बोलले. अमेरिकी सरकारने पासपोर्ट नाकारल्याने कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना केवळ संदेश पाठवता आला. दुसरी परिषद १९५९ मध्ये रोमला झाली.

आलियून दियोप यांच्यानंतर त्यांच्या पत्नी क्रिस्तियान यांदे दियोप यांनी संस्था सांभाळली. मोंगो बेतींनी १९७८ मध्ये ‘पप्ल न्वार, पप्ल आफ्रिकें’ हे स्वतःचे नियतकालिक काढले आणि स्वतंत्र आफ्रिकेतल्या राजवटींवर तितक्याच कठोरपणे लिहीत ते १९९१ पर्यंत चालवले.