रोहित हा बगळ्याचा भाऊ नाही

नवी मुंबईत ऐरोलीजवळ ठाणे खाडीवर फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित, दिसू लागले की शेजारी उभं राहून कुणीतरी पोराला सांगतंच, “हा बगळ्याच्याच जातीतला, फक्त गुलाबी.” चूक त्यांची नाही. लांब पाय आणि लांब मान पाहून पक्षीशास्त्रज्ञही त्याला कित्येक वर्षं करकोच्या-बगळ्यांच्या कुळात बसवत होते. काहींनी पडदेदार पाय आणि आवाजावरून बदकांशी नातं जोडलं होतं.

मग डीएनए तपासला गेला. २००१च्या सुमारास निष्कर्ष आला आणि अनेकांचा त्यावर विश्वासच बसेना: रोहितचा सर्वांत जवळचा नातलग टिबुकली! तळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी, आखूड पायांची आपली पाणडुबी. पण हाडं आणि अंडी पुन्हा तपासल्यावर साम्यं सापडली. दोघांच्याही अंड्यांच्या कवचावर खडूसारखा थर असतो. रोहितच्या कुळातल्या एका जुन्या पक्ष्याचे जीवाश्मही मिळालेले आहेत. तो टिबुकलीसारखा पोहणारा असावा. २०१४मध्ये ४८ पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हाही ही जोडी टिकली.

उथळ पाण्यात उभं राहायचं तर लांब पाय लागतात. ते बगळ्याला स्वतंत्रपणे आले, रोहितला स्वतंत्रपणे. दिसण्यावरून नातं ठरवण्यातली खरी मेख इथेच आहे.

ठाणे खाडी २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. तिथल्या फलकांवर टिबुकलीचं चित्र रोहितशेजारी असावं, असं मला मनापासून वाटतं.