जीव एकाच गिटारीत का अडकतो : थोडी पार्श्वभूमी

विली नेल्सन या अमेरिकी कंट्री गायकाच्या गिटारला दोन भोकं आहेत. एक कारखान्यातून आलेलं, तारांखालचं नेहमीचं गोल. दुसरं त्या गोलाच्या आणि ब्रिजच्या, म्हणजे फळीवर तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या, मधे, त्यानं स्वतः वाजवून वाजवून पाडलेलं. गिटार मार्टिन कंपनीची, एन-२० मॉडेल, १९६९ सालची. मुळात ती नायलॉनच्या तारांची, बोटांनी छेडायची गिटार. अशा गिटारच्या फळीवर ओरखडे झेलायला प्लॅस्टिकची पट्टी लावत नाहीत, कारण पिक (तारा छेडायची छोटी चकती) तिथे फिरकणारच नाही असं गृहीत धरलेलं असतं. नेल्सन पिकनंच वाजवत राहिला. त्या घासण्यानं स्प्रूसची फळी झिजत झिजत शेवटी आरपार गेली.

ही गिटार त्यानं दहा ठिकाणी फिरून, पारखून घेतली असेल असं वाटतं. तसं काही झालं नव्हतं. त्याची आधीची बाल्डविन गिटार मोडली आणि दुरुस्तीला नॅशव्हिलला गेली. ही आता होण्यातली नाही, असं तिथून कळलं. त्याऐवजी दुकानात एक मार्टिन आहे, तिच्यात बाल्डविनचं पिकअप (तारांची थरथर विजेत बदलून स्पीकरपर्यंत नेणारा भाग) बसवून देऊ का, अशी विचारणा झाली. किंमत साडेसातशे डॉलर. नेल्सननं न बघताच हो म्हटलं. पुढे घराला आग लागली तेव्हा मात्र तो हिच्यासाठी आत शिरला. रॉय रॉजर्स या काउबॉय नटाच्या घोड्यावरून तिचं नाव ठेवलं होतं ‘ट्रिगर’.

कुठल्याही गिटारवादकाला विचारा की हीच का. तो लाकूड सांगेल, नेकचा, म्हणजे बोटं दाबायच्या दांड्याचा, घाट सांगेल, पिकअपमधल्या तारेचे वेढे सांगेल. त्यात खोटं काही नसतं. पण मागे वळून पाहिलं तर क्रम बहुतेक वेळा उलटा दिसतो. गिटार भलत्याच कारणानं हातात येते, वादक तिच्याकडून बनवणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेलं काहीतरी करून घेतो, आणि कारणं सगळ्यात शेवटी सुचतात.

लाकडाचा वाद तर फार जुना आहे. आजच्या अभिजात गिटारचा घाट ठरवला तो स्पेनमधल्या अल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेसनं (१८१७–१८९२). त्यानं गिटारचं अंग मोठं केलं, वरची फळी पातळ ठेवली आणि तिच्या आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या चिकटवल्या. फळी मोडत नाही, पण थरथरते मोकळी. आवाज या वरच्या फळीतूनच येतो, असा त्याचा दावा होता. तो लोकांना पटावा म्हणून १८६२ मध्ये त्यानं एक गिटार बनवली, जिची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या होत्या. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. एवढं करूनही पाठीला ब्राझीलचं रोझवुड लागलेली गिटार म्हणजे काहीतरी खास, हा समज पुढची दीडशे वर्षं कुणी हलवू शकलं नाही.

अभिजात वादकांत एक ठसठशीत अपवाद आहे. आंद्रेस सेगोव्हिया १९१२ पासून माद्रिदच्या मान्युएल रामिरेसच्या कारखान्यातली गिटार वाजवत होता. १९२४ मध्ये म्युनिकला हेरमान हाउझर या जर्मन कारागिरानं ती गिटार जवळून पाहिली आणि तशी, किंबहुना तिच्याहून सरस, बनवायचा ध्यास घेतला. एकामागून एक नमुने सेगोव्हियाकडे जात राहिले. अखेर १९३७ ची गिटार सेगोव्हियाला पटली आणि ती त्यानं १९६२ पर्यंत वाजवली. या दोन्ही गिटारी आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. इथे प्रेम खरोखर पारखून, मागणी करून, वाट पाहून झालं. पण असे भाग्यवान थोडे.

बाकीच्यांची गोष्ट आवाजाच्या टंचाईतून सुरू होते. बँजो आणि ब्रासच्या वाद्यांपुढे गिटार ऐकूच यायची नाही. मग पोलादी तारा आल्या, अंगं फुगली. मार्टिननं १९१६ मध्ये डिटसन या विक्रेत्यासाठी रुंद कमरेची एक गिटार बनवली आणि ‘ड्रेडनॉट’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून तिला नाव मिळालं. आज दुकानात जी सर्वसाधारण अकूस्टिक गिटार दिसते ती बहुधा याच घाटाची. गिब्सननं १९२२ मध्ये एल-५ काढली. व्हायोलिनसारखी फुगीर कोरलेली फळी, तशीच एफ आकाराची भोकं. ऑर्केस्ट्रात बसून ताल धरणाऱ्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जावा, हा तिचा हेतू.

ती गाजली एका डोंगराळ खेड्यातल्या बाईच्या हातात. व्हर्जिनियाच्या मेबेल कार्टरनं रेकॉर्डच्या कमाईतून एल-५ घेतली, १९२८ चं मॉडेल, २७५ डॉलरला. अंगठ्यानं जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी तर्जनीनं वरच्या तारांवर ताल झाडत राहायचा, अशी तिची पद्धत. ऑर्केस्ट्रासाठी बनवलेला तो ठणठणीत, चटकन विझणारा आवाज या कामाला इतका नेमका बसला की चाल तालात बुडाली नाही. कार्टरबाईंनी आयुष्यभर ती गिटार सोडली नाही. सध्या ती नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे.

विजेनं आवाजाचा प्रश्न सोडवला, पण नवी डोकेदुखी आणली. पोकळ गिटारमध्ये पिकअप बसवला की स्पीकरचा आवाज परत तिच्या पोटात शिरतो आणि शिट्टी वाजते. यावर उपाय म्हणजे पोकळी बुजवणं. लेस पॉल या वादकानं १९४० च्या सुमारास पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा ताणल्या आणि लोकांच्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून दोन्ही बाजूंना एका गिटारचे दोन अर्धे तुकडे चिकटवले. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला वाटतं, त्याचा फायदाच झाला. परंपरेचं ओझं नव्हतं, त्यामुळे गिटार दुरुस्तीला सोपी हवी एवढंच त्यानं पाहिलं. सपाट फळी, आणि तिला चार स्क्रूनी जोडलेली मेपलची नेक. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. ही १९५० ची ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीचे त्याच नावाचे ड्रम होते, त्यांनी हरकत घेतली, आणि १९५१ पासून ती टेलिकास्टर झाली. मधल्या काळात कारखान्यानं लेबलांवरचं नाव नुसतं कापून टाकलं होतं. त्या बिननावाच्या गिटारींसाठी संग्राहक आज जीव टाकतात!

१९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. तीन पिकअप, आणि त्यातला एक निवडायला तीन खाचांचा स्विच. वादकांच्या लक्षात आलं की स्विच दोन खाचांच्या मधे अलगद अडकवला तर दोन पिकअप एकदम बोलतात आणि एक पोकळ, काचेसारखा आवाज येतो. खाच तिथे नव्हतीच. बोटाच्या धक्क्यानं स्विच निसटायचा, मग कुणी काडी खुपसायचं, कुणी आतली स्प्रिंग सैल करायचं. ‘स्ट्रॅटचा आवाज’ म्हणून आज जो ओळखला जातो त्यातला मोठा भाग या नसलेल्या खाचेतून आला आहे. फेंडरनं पाच खाचांचा स्विच दिला तो १९७७ मध्ये. माझ्या पिढीला तो आयताच मिळाला, त्यामुळे ती चोरटी जागा शोधण्याची मजा आम्हाला ठाऊक नाही.

जिमी हेंड्रिक्स डावखुरा. तो उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरायचा, तारा मात्र आपल्या सोयीनं लावायचा. त्यामुळे तिरका बसवलेला ब्रिजजवळचा पिकअप नेमका उलट्या बाजूनं तिरका झाला. जाड तारांचा आवाज जास्त करकरीत, बारीक तारांचा जरा गोल. हाही कुणाच्या आराखड्यात नव्हता.

लेस पॉलच्या नावाची गिटार गिब्सननं १९५२ मध्ये काढली. तेव्हाच्या पिकअपना विजेच्या तारांची घरघर लागायची. सेथ लव्हर या गिब्सनच्या अभियंत्यानं दोन कॉइल अशा जोडल्या की घरघर एकमेकींना खोडून टाकते आणि तारांचा नाद मात्र टिकतो. १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज गेला, १९५७ पासून हे पिकअप लेस पॉलवर आले. तार गुंडाळण्याचं काम काटेकोर नव्हतं, वेढ्यांची संख्या कमीजास्त व्हायची, चुंबकंही एकसारखी नसायची. म्हणजे कारखान्याच्या दृष्टीनं ढिसाळपणा. वादकाच्या दृष्टीनं प्रत्येक गिटारचा स्वभाव वेगळा. १९५८ ते १९६० मधल्या ‘सनबर्स्ट’ (मधे पिवळ्या, कडांकडे तांबड्या) लेस पॉलच्या रंगाचीही तीच कथा. तांबडा रंग उन्हात उडायचा. कुणाची गिटार चहासारखी झाली, कुणाची लिंबासारखी. कारखान्यानं रंग बदलून दोष दुरुस्त केला, आणि संग्राहक दोषवाल्याच शोधत राहिले.

त्या काळात मात्र या लेस पॉलना गिऱ्हाईक नव्हतं. जड, महाग, जुनाट वाटणारी. गिब्सननं १९६१ च्या सुमारास हा घाट बंद करून दोन शिंगांची एसजी आणली. मग १९६६ मध्ये लंडनला एरिक क्लॅप्टननं जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स बँडबरोबर रेकॉर्डिंग करताना एक जुनी सनबर्स्ट मार्शल अँपला (आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) जोडली आणि अँप इतका चढवला की आवाज फाटू लागला. अभियंत्याच्या लेखी फाटणं म्हणजे बिघाड. त्या बिघाडातून एकेक स्वर लांब, दाट, गाणाऱ्या गळ्यासारखा ताणला जाऊ लागला. क्लॅप्टनची ती गिटार त्याच वर्षी चोरीला गेली, पण जुन्या लेस पॉलची शोधाशोध सुरू झाली आणि १९६८ मध्ये गिब्सनला उत्पादन पुन्हा सुरू करावं लागलं.

चुंबकावरून आठवलं. पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये एका पिकअपचं चुंबक उलटं आहे. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की एकमेकांना अर्धवट खोडतात आणि उरतो नाकातून बोलल्यासारखा बारीक, उदास सूर. ग्रीननंतर ती गॅरी मूरकडे गेली, पुढे मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे. तिघांनीही ते चुंबक सरळ करून घेतलं नाही.

हेतू फसल्याचं माझं सर्वात आवडतं उदाहरण जाझमास्टर. फेंडरनं १९५८ मध्ये ती जाझवाल्यांसाठी काढली, नावातच सांगून. जाझवाले आपल्या पोकळ गिब्सन सोडायला तयार नव्हते. कॅलिफोर्नियातल्या सर्फ बँडनी ती उचलली, मग तिची हवा गेली, आणि १९८० पर्यंत ती बंदही पडली. जुन्या बाजारात स्वस्त पडून राहिलेल्या या गिटारी सोनिक यूथसारख्या बँडनी घेतल्या, कारण परवडत होत्या. जाझमास्टरच्या ब्रिजमागे तारांचा लांब तुकडा उरतो. तिथे सहसा कुणी वाजवत नाही. यांनी तिथेच वाजवायला सुरुवात केली, आणि घंटांसारखा किणकिणाट निघाला.

ज्यांना काहीच परवडत नव्हतं त्यांनी घरीच बनवली. ब्रायन मेनं १९६३ मध्ये वडिलांबरोबर काम सुरू केलं. नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी, त्यातली किड्यांची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. तारा ढिल्या करून सूर हलवणाऱ्या यंत्रणेला मोटरसायकलच्या इंजिनाच्या स्प्रिंगा, तिच्या दांड्याच्या टोकाला विणायच्या सुईचा तुकडा, फ्रेटबोर्डवरचे (नेकच्या वरच्या पट्टीवरचे) ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. क्वीन या त्याच्या रॉक बँडच्या सगळ्या कारकिर्दीत त्याची मुख्य गिटार हीच. क्लॅप्टननंही १९७० मध्ये नॅशव्हिलहून जुन्या सहा स्ट्रॅट आणल्या, तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले भाग जोडून ‘ब्लॅकी’ बनवली. चार स्क्रूंची नेक अशी कामाला आली.

ब्लूजवाल्या बी. बी. किंगचं प्रकरण या सगळ्यांत बसत नाही. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी नाचाच्या जागी दोघांच्या मारामारीत रॉकेलचं भांडं उलटलं, आग लागली, आणि तो गिटारसाठी परत आत धावला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं असं कळल्यावर त्यानं गिटारला तेच नाव दिलं. पण पुढे आयुष्यभर गिटारी बदलल्या, नाव राहिलं. त्याचा जीव लाकडात नव्हता म्हणायचं का? गिब्सननं त्याच्यासाठी काढलेल्या ल्युसिलला एफ आकाराची भोकंसुद्धा नाहीत, कारण शिट्टी टाळायला तो ती चिंध्यांनी बुजवायचा.

१९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीनं १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. ‘सीबीएसच्या आधीची’ हे बिरुद तिथून जन्मलं आणि वापरलेली गिटार नव्यापेक्षा महाग विकली जाण्याचा काळ आला. पुढचे आकडे लिलावांचे: ब्लॅकी २००४ मध्ये ९,५९,५०० डॉलर, डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅट २०१९ मध्ये ३९ लाख ७५ हजार, कर्ट कोबेनची मार्टिन २०२० मध्ये ६० लाखांवर. रोरी गॅलाहरच्या १९६१ च्या स्ट्रॅटचा रंग त्याच्या घामानं बहुतेक उडाला होता. १९९५ पासून फेंडर नव्या गिटारींचे रंग मुद्दाम खरवडून, पोपडे काढून विकते. दुसऱ्याची झीज आपल्या गिटारवर विकत घ्यायची, हे मला अजून पचलेलं नाही, पण खप आहे.

आणि लाकूड? ब्राझीलच्या रोझवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या प्रयोगात सहा अकूस्टिक गिटारी खास बनवून घेतल्या होत्या. सगळं सारखं, फक्त पाठ आणि कडांचं लाकूड वेगळं. त्यात ब्राझीलचं रोझवुड होतं, तसं साधं महोगनीही. ५२ वादकांना अंधूक खोलीत, वेल्डिंगचा गॉगल घालून त्या वाजवायला दिल्या. गुणांमध्ये फारसा फरक पडला नाही, महाग लाकडाला झुकतं मापही मिळालं नाही. गॉगल काढल्यावर त्यातले किती जण घरी जाऊन आपल्या गिटारच्या रोझवुडवरून हात फिरवत बसले असतील, हे मात्र प्रयोगात मोजलेलं नव्हतं.